दोन खरकटे कप

माझ्या आत्याइतकी आरडाओरडा करून माया करणारी बाई अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरी सापडणार नाही. भिवंडीत चारी बाजूंनी कापडाचे लूम खडखडत असतात, त्यामुळे इथली माणसं मुळातच मोठ्यानं बोलतात. पण आत्यानं तोंड उघडलं की लूमनीच जरा दम खावा असं वाटतं. शाळेतून ती निवृत्त झाली, तिचा आवाज झाला नाही. वरच्या मजल्यावर ती एकटीच राहते; मला ताप आला की खाली येते, आधी मला यथेच्छ झापते आणि मग कपाळावर हात ठेवते. "कशी आहेस?" हा प्रश्न तिला ठाऊकच नाही. तिच्याकडे फक्त हुकूम असतात.

तिच्याकडे कामाला येणारी सुमन जवळच्या कोन गावात राहते. मोरीत पाय घसरून तिचं मनगट मुरगळलं. डॉक्टरांनी पट्टा बांधला, जड काही उचलू नका म्हणाले. "पूर्ण बरी होईपर्यंत मला तोंड दाखवू नकोस!" असं आत्यानं फर्मावलं. पण सुमनही काही कमी नाही. "घरी बसून पगार घ्याची सवय न्हाय मना, बाई," म्हणत ती पट्ट्यासकट दारात हजर.

मग आत्यानं शक्कल लढवली. सुमन यायच्या आत उठून कुकर, कढया, तवा स्वतः घासायचा, चादरी पिळून गच्चीत वाळत घालायच्या, आणि सुमनसाठी दोन कप तेवढे मुद्दाम खरकटे ठेवायचे. "रात्री जेवलेच नाही, पोट बिघडलं होतं," असं ती धडधडीत खोटं सांगायची. पोट रोजच बिघडू लागलं. घरी जाताना सुमनला शेअर रिक्षात बसवायची आणि रिक्षावाल्याला दरडावायची, "भैया, आहिस्ता चलाव, अंदर दुखता हुआ हाथ है!" बाकीचे प्रवासी दचकून आपापले हात पोटाशी घ्यायचे. गुडघे कुरकुरत असताना या वयात चादरी पिळणाऱ्या त्या बाईचा मला फार अभिमान वाटायचा.

आणि एके सकाळी सुमन आलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शेवटी शेजारच्या घरी कामाला येणारी तिची जाऊ म्हणाली, "ती आता येयाची न्हाय. बाईंनी दुसरी बाई कामाला ठेवली हाय, असं म्हनते ती. भांडी आधीच घासलेली, कपडे धुतलेले. तोंडावर सांगवत न्हाय, म्हनून दोन कप ठेवतात."

आत्याच्या सगळं लक्षात आलं. हात जपता जपता तिनं सुमनची जागाच काढून घेतली होती. तशीच ती मला घेऊन कोनला निघाली.

सुमन ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. आता आत्या गरजणार म्हणून मी जीव मुठीत धरून उभी राहिले.

"दुसरी कोणी नाही गं," आत्या हळूच म्हणाली. "मीच घासत होते."

"तुमी? चादरी पन?"

आत्यानं दोन्ही हात पुढे केले. नखं झिजली होती, बोटांना चिरा पडल्या होत्या. सुमननं आपल्या चांगल्या हातानं ते धरले आणि उलटसुलट करून पाहिले.

"येड्या हाव काय बाई तुमी? मना सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

"न्हाय," म्हणून सुमन रडता रडता हसली. "उद्या येते. हात बरा होस्तवर तुमी घासा, मी धुते. पन दोघी मिलून."

परतीच्या रिक्षात आत्यानं रिक्षावाल्याला एकदाही दरडावलं नाही. मला काळजी वाटायला लागली. "दमलीस का?" मी विचारलं.

"कामाचं काही नाही गं, काम जमतं," ती बाहेर बघत म्हणाली. "पण ती आली नसती, तर सकाळी माझं दार कोणी वाजवलं असतं?"

मी तिचा चिरा पडलेला हात हातात घेतला, आणि घर येईपर्यंत तिनं तो सोडवून घेतला नाही.