रांगेलच्या बिनवजनी घंटा

डॉक्टरनं पाठीचा फोटो उजेडापुढं धरला, तेव्हा रांगेलला त्यात आपल्या घंटाच दिसल्या. मणकेच होते ते. पण एकाखाली एक टांगलेले, आणि तळातला एक जरा कललेला.

"यापुढं जड उचलायचं नाही," डॉक्टर म्हणाला.

"घंटापण नाही?"

"कसल्या घंटा?"

डॉक्टर नवा होता, समुद्राकडून आलेला. इथल्या, पेर्निक गावच्या माणसानं असं विचारलं नसतं. रांगेलनं सदरा खाली ओढला आणि तो घरी आला.

घरी त्स्वेता मिरच्या भाजत होती. बायकोला सगळं सांगून झाल्यावर तिनं एकच विचारलं, "आणि उड्यांचं काय म्हणाला?"

"उड्यांचं मी विचारलंच नाही."

"हुशार आहेस. या साली घरी बस. खिडकीतून बघ. बाकीच्यांचे नवरे बघतातच की."

"त्यांना खिडकी आवडते."

जानेवारीत, गावात रात्री पेटवलेली मोठी शेकोटी विझली की दुसऱ्या सकाळी टोळी निघते. अंगावर बोकडाची कातडी, तोंडावर पिसांचा मुखवटा, कमरेला घंटाच घंटा. दारोदार उड्या मारायच्या, म्हणजे सरत्या वर्षाचं जे काही वाईट कोपऱ्यात दडलं असेल ते पळतं. पूर्ण पट्टा बांधला की एखादा पोसलेला बोकड कमरेला मिठी मारून बसल्यासारखं वाटतं. मिसरूड फुटल्यापासून रांगेलनं एकही साल चुकवलं नव्हतं. एरवी तो बसच्या आगारात फाटक्या सीटा शिवायचा. सीट शिवणारा माणूस कुणाच्या लक्षात राहत नाही. मुखवट्यातला तर मुळीच नाही. तरी घंटा वाजल्या की लोक म्हणायचे, रांगेल आला. एवढंच त्याच्याजवळ होतं, आणि आता तेही जाणार होतं.

त्याच आठवड्यात देनित्सा एक मोडीतली सीट घेऊन आगारात आली. तिशीतली बाई, दिवसभर दातांच्या कवळ्या बनवायची. तिला सीटचं कव्हर हवं होतं, पण आतून तारा जातील असं.

"तारा कशाला?" रांगेलनं विचारलं.

"कुणी बसलं की पुढचा थांबा कोणता ते सीट सांगेल."

"पण बस कुठाय?"

"बस नाहीये, काका. तीच तर मजा."

रांगेलनं कव्हर शिवलं. पण बस नसताना थांबा सांगणारी सीट त्याच्या डोक्यातून जाईना. गुरुवारी तो ती बघायला गेला.

खाणकामगारांच्या जुन्या खानावळीखालच्या तळघरात देनित्सा आणि तिच्यासारखी खटपटी मंडळी जमत. आत शिरायला दारापुढं शीळ घालावी लागे; शीळ बेसूर असली तरच दार उघडे. पाणी घालायचं विसरलं की खोकणारी कुंडी होती. एक इस्त्री होती, तिला उचललं की ती उसासा टाकायची. कशाचा काही उपयोग नव्हता. उपयोग नसलेल्या गोष्टीसाठी माणसं इतकी मन लावून तारांना डाग देत बसलेली रांगेलनं पहिल्यांदाच पाहिली. त्याला चर्चमध्येसुद्धा असं कुणी मन लावून बसलेलं आठवेना.

तिथला रिवाज असा, की जे बनवलं ते सगळ्यांसमोर उघडून आतलं दाखवायचं. बाकीच्यांनी घेवड्याचं सूप भुरकत प्रश्न विचारायचे. फसलेल्या वस्तूला टाळ्या जास्त. सीट उघडली गेली, सूप संपलं, आणि मग कुणीतरी नव्या पाहुण्याला विचारलं, "तुमचं काय, काका?"

रांगेलनं उभं राहून सदरा वर केला आणि पाठ दाखवली. "माझं हे आहे," तो म्हणाला. "फसलेलं."

टाळ्या वाजल्या. मग त्यानं घंटांचं सांगितलं.

"घेऊन या त्या," देनित्सा म्हणाली.

घंटा आणल्या त्या आगारातल्या दोघांनी, ढकलगाडीवर. देनित्सानं एकेक छताला टांगली, समोर माईक धरला, टोला दिला. संगणकाच्या पडद्यावर आवाजाचं चित्र उमटायचं. रांगेल पडद्याला नाक लावून बसला. सगळ्यात खर्जातल्या घंटेच्या आवाजावर एक बारीक रेघ वर धावत होती, जणू म्हाताऱ्याच्या खांद्यावर बसलेलं मूल. इतकी वर्षं ती कमरेला होती, त्याला पत्ता नव्हता.

"ऐकू येणं थांबलं, तरी चित्र हलतंय," तो म्हणाला. "मग घंटा थांबते कधी?"

"ठाऊक नाही. यंत्राचे कान संपतात, एवढंच सांगता येईल."

त्या उत्तरानं त्याला झोप लागली नाही.

मग त्यांनी पत्र्याच्या पोकळ घंटा केल्या, कागदासारख्या हलक्या. प्रत्येकीत धक्का ओळखणारी एक पातळ चकती, वाढदिवसाच्या गाणाऱ्या कार्डात असते तसली. पाठीवर कातड्याखाली स्पीकर. उडी मारली की जी घंटा हलेल तिच्या जागच्या खऱ्या घंटेचा टिपलेला आवाज. पट्टा रांगेलनं स्वतः शिवला.

टोळीचा म्होरक्या स्पास. रांगेलचा लंगोटीयार, पण रिवाजात भावालाही न सोडणारा. त्याला तळघरात बोलावलं. शीळ सुरेल घालत राहिल्यानं तो बराच वेळ बाहेरच उभा होता. आत आला तेव्हाच तापलेला. रांगेलनं उडी मारली.

स्पासनं टोपी काढली. "कोण गेलं?"

"म्हणजे?"

"हा तर मयताचा घंटानाद झाला, रांगेल्या! पाद्री कुठाय?"

देनित्सानं कपाळावर हात मारून घेतला. त्यांनी प्रत्येक घंटा एकटी, निवांत, स्वच्छ टांगून टिपली होती. जिवंत घंटा अशी कधी वाजतच नाही. ती शेजारणीवर आदळते, केसाळ कातड्यात गुदमरते, मांडीला लागते. आवाज स्वच्छ करायच्या नादात त्यांनी त्यातला माणूस पुसून टाकला होता.

"कुणीतरी खरा पट्टा बांधून नाचायला हवं," ती म्हणाली. "मग तसंच टिपू."

स्पासनं हाताची घडी घातली. "मी यंत्रापुढं नाचत नाही."

तेव्हा देनित्सानंच पट्टा बांधला. पहिल्या उडीला ती थांबा सांगणाऱ्या सीटवर कोसळली आणि सीट म्हणाली, "पुढचा थांबा, रुग्णालय."

"गुडघ्यातून नको," हसू आवरत रांगेल म्हणाला. "कमरेतून. घंटांना वर फेक, आणि त्या पडायच्या आत तू खाली ये." तो कितीतरी संध्याकाळ शिकवत राहिला. शिकवताना त्याला कळलं की आपण काय करतो ते आपल्यालाच ठाऊक नव्हतं; अंगाला होतं. शेवटी देनित्साची उडी अशी जमली की रांगेलला बोलवायला तळघरात उतरलेल्या त्स्वेतानं डोळे मिटून विचारलं, "मेल्या, पुन्हा पट्टा बांधलास?"

स्पासनं तसा टिपलेला नवा आवाज ऐकला.

"आवाज तुझाच आहे," तो म्हणाला. "पण वाईटाला त्याचं काय? स्पीकरला भुतं भितात का?"

"माहीत नाही," देनित्सा म्हणाली. "तुमच्याकडं एखादं आहे का? लावून बघू."

स्पासला हसू आलं, पण तो बधला नाही. "पहिलं दार गेर्गिन आजोबांचं. ते म्हणाले रांगेल आला, तर ये पुढं. नाही म्हणाले, तर तिथूनच घरी. आधी कुणी काही सांगायचं नाही."

गेर्गिन आजोबा खाणीतले. डोळे गेलेले, छातीत कोळसा साठलेला. दरसाल फाटकाशी खुर्ची टाकून ते एकेकाला आवाजावरून ओळखत.

त्या सकाळी बर्फ करकरत होतं. आजोबा घोंगडीत बसलेले, शेजारी फळांच्या गरम दारूची, राकियाची, किटली. टोळी एकेक करून पुढून गेली.

"स्पास. जाडा झालास रे," आजोबा म्हणाले. "हा कुंभाराचा जावई. आणि हा..."

रांगेलनं उडी मारली. घंटा वाजल्या.

"रांगेल आहे," आजोबा म्हणाले. मग मान कलती केली. "आणि नाहीपण."

आजोबांनी किटली बाजूला सारली.

"घंटा त्याच्याच. पण धाप कुठाय? अंगावर वजन असलं की माणूस दोन ठोक्यांच्या मध्ये धापा टाकतो. खाणीच्या अंधारात आम्ही एकमेकांना धापेवरूनच ओळखायचो. हा कोण फुकटचा वाजवतोय?"

स्पासनं रांगेलकडं पाहिलं. फाटकाबाहेर देनित्सा आपली नखं खात उभी होती. रांगेलला सांगता आलं असतं. मणका, डॉक्टर, चकत्या, सगळंच. पण आजोबांनी जे विचारलं होतं, त्याचं ते उत्तर नव्हतं.

तो बर्फात मधोमध आला आणि उडी मारू लागला. वजन नव्हतं, म्हणून उंच; तारुण्यातही गेला नव्हता इतका उंच. पुन्हा. पुन्हा. ओझ्याखाली त्याला फक्त स्वतःचं रक्त ऐकू यायचं. आज पहिल्यांदाच त्याला आपल्या घंटा बाहेरून ऐकू येत होत्या. असा वाजतो मी, त्याला वाटलं, आणि आणखी ऐकावं म्हणून त्यानं आणखी उडी मारली. पोटऱ्या भरून आल्या. मुखवट्याच्या आत घाम गोठू लागला. कधीतरी छातीनं दार उघडलं, आणि घंटांच्या मधल्या फटींत त्याचा श्वास खरखरत पडू लागला.

आजोबांनी कान पुढं केला.

"हां. आता आला," ते म्हणाले. "कुठं रेंगाळला होतास, गाढवा? राकिया निवली."

स्पासनं घसा साफ केला. "सगळ्यात मागं उभा राहा," तो गुरगुरला, "आणि पुढच्या दारीही असाच धापा टाकत ये. नाहीतर बघ."

टोळी वळली. पुढचं घर चढावर होतं. बाकीचे सावकाश चालत निघाले. त्यांच्या कमरेला ओझंच एवढं होतं की धाप आपोआप सोबत येत होती. रांगेलची मात्र वाटेतच ओसरली असती. म्हणून तो चाललाच नाही. चढावरूनही उड्या मारतच गेला.