बघून केलेली सही

"द्या हिकडं. कुठं करू?"

कागद पुढे आला की मामा एवढंच विचारायचे. इस्त्री बाजूच्या पत्र्यावर उभी करायची, हात लुंगीला पुसायचा आणि आपण बोट ठेवू तिथे सही ठोकायची. चष्मा खिशातच राहायचा. वाचण्याची भानगड नव्हती.

लातूरच्या ज्या ठाण्यात मी लेखनिक होतो, त्याच्या समोर मामांचा इस्त्रीचा गाडा होता, विजेची वायर शेजारच्या दुकानातून ओढलेली. आमचे गणवेश तेच करायचे. कुठलाही पंचनामा म्हटला की दोन पंच लागतात, घटनेची जागा डोळ्यांनी पाहिली म्हणून सही करणारे. आणि पोलीस पंच शोधू लागले की भरला रस्ता ओस पडतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. म्हणून ठाण्याला एखादा ठरलेला माणूस असतो. आमचे मामा होते. त्यांचं नाव मी इतक्या वेळा लिहिलं की माझ्या बापाचंही तेवढं लिहिलं नसेल. इथे मात्र लिहीत नाही.

एकदा शहराच्या दोन टोकांच्या दोन पंचनाम्यांवर एकाच तारखेची, एकाच वेळेची त्यांची सही निघाली. मी घाबरून गाड्यावर गेलो. मामा शांतपणे कॉलर दाबत म्हणाले, "घाबरून कामून राहिलाव जमादार? माझी सायकल लई पळती म्हणावं."

आम्ही हसलो. तेव्हा ते हसण्यासारखंच वाटायचं.

मग भूकंप झाला. गणपती बुडवून लोक घरी येऊन निजले होते, पहाटे गावंच्या गावं खाली बसली. दुसऱ्या दिवशी मला जीपमध्ये बसवलं आणि साहेबांनी मामांनाही बसवलं, कारण पंच तिथे कुठून मिळणार होते? पाऊस पडत होता. मी लिहायचो आणि मामा माझ्या कागदावर पोतं धरून उभे राहायचे. पहिल्या दिवशी प्रत्येक मयताच्या तोंडावरचं कापड आम्ही बाजूला केलं. दुसऱ्या दिवशी नुसतं कापड पाहिलं. तिसऱ्या दिवसापासून मी एकच वाक्य आधी लिहून ठेवू लागलो: 'राहत्या घराची दगडी भिंत अंगावर पडून, दबून मयत.' वर फक्त नाव भरायचं. जेवण मिळालं की जेवायचो, जीपमध्ये झोपायचो. मला रडू आलं नाही. काहीच आलं नाही.

अशाच एका दुपारी एक माणूस गल्लीच्या तोंडाशीच भेटला. बायको गेली, भिंत पडली, अग्नी देऊन झाला, म्हणाला. नाव सांगितलं. मी भरलं. मामांनी सही केली. आम्ही ती गल्ली चढलोसुद्धा नाही.

दिवाळी होऊन गेल्यावर लोह्याकडच्या एका खेड्यातून त्या मयत बाईची आई आली. हातात पंचनाम्याची नक्कल होती. ठाण्यातल्या कुणीतरी बोट दाखवलं तशी ती रस्ता ओलांडून गाड्याशी गेली. मी शर्ट आणायला तिथेच उभा होतो.

"ही सही तुमची?"

"हाव."

"मंग तुमी बघितलंव तिला. माझ्या लेकीच्या अंगावर लुगडं कोणतं हुतं?"

मामांनी इस्त्री उचलून बाजूला ठेवली. बाई भांडायला आलेली नव्हती. शेवटचं काय नेसली होती ते तिला हवं होतं, पण तेवढंच नव्हतं. जावई लेकीला मारायचा. भूकंपाच्या आठच दिवस आधी लेकीचा निरोप आला होता, मला न्यायला या. आणि तिचं घर कुडाचं होतं, वर पत्रे.

"दगडच न्हाई हो त्या घराला," ती म्हणाली. "कूड अजून हुबा हाय. जाऊन बघा. भित कंची पडली?"

मामा म्हणाले, "म्या बघितलं न्हाई, माय."

त्यांनी गाडा तसाच सोडला आणि तिला घेऊन साहेबांच्या खोलीत गेले. मी मागोमाग. न बघता सही केली असा जबाब माझा लिहून घ्या, म्हणाले. साहेबांनी दार लोटलं.

"राख झाली तिची. आता काय तपासायचं? आणि तू बघितलं नाहीस म्हणजे यानंही बघितलं नाही," साहेबांनी माझ्याकडे मान वळवली. "याची नोकरी जाईल. दे मग याच्या पोटावर पाय."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलावं म्हणून ते थांबले होते, हे मला चांगलं कळलं. माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, मुलगी तान्ही होती. मी रजिस्टर ओढलं, पट्टी ठेवली आणि एक रेघ मारली. ती झाल्यावर आणखी एक मारली.

मामा बाईला घेऊन बाहेर गेले. जबाब झाला नाही. जावयाला कुणी कधी बोलावलं नाही. मला तेव्हा लाज वाटली असं म्हटलं तर ते खोटं होईल. ती फार उशिरा आली.

त्यानंतर मामा आम्हाला नकोसे झाले. कागद नेला की म्हणायचे, "आधी दाखवा." चोरीचा पंचनामा असेल तर कडीकोयंडा हाताळून पाहणार, अपघाताचा असेल तर चाकाचे व्रण पायांनी मोजणार. खिशातला चष्मा नाकावर आला. नवीन पोरं वैतागायची. त्यात गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा गाडा हमखास बंद. बंदोबस्तात गुलालानं माखलेले आमचे गणवेश गठ्ठ्यानं पडलेले आणि हा माणूस गायब. "मामा मिरवणुकीत नाचून दमले," असं म्हणून आम्ही मोकळे व्हायचो.

पुढे लातूर बदललं. डॉक्टर, इंजिनिअर व्हायला पोरं येऊ लागली, क्लासच्या पाट्या लागल्या, ज्याच्या त्याच्या माडीवर वसतिगृह झालं. अशाच एका वसतिगृहात न्हाणीघरात शॉक लागून शिरूर अनंतपाळकडची एक मुलगी गेली. आम्ही पोचलो तेव्हा मालक दारातच चहा घेऊन उभा. पाय ओले होते, पोरीचीच चूक, म्हणाला. पंचनामा मी लिहीत होतो.

मामांनी भिंतीवरून हात फिरवला. बोटं पांढरी झाली. "जमादार, हितलं पलस्तर ओलं हाय. वायर आजच बदलली."

"तू इस्त्रीवाला," मालक म्हणाला. "तुला वायरीतलं काय कळतं?"

"इस्त्रीवाल्याला वायर न्हाई कळायची तर कुणाला कळंल? रोज तिच्यावरच पोट हाय माझं."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लिव्हा. न्हाईतर म्या सही करत न्हाई." मी लिहिलं. सांगायला बरं वाटतं, पण मामा डोक्यावर उभे नसते तर लिहिलं नसतं.

खटला उभा राहायला वर्षं गेली. दुसरा पंच फितूर झाला. मामांकडे माणसं आली, गेली. साक्षीच्या दिवशी ते स्वतःच इस्त्री केलेला पांढरा सदरा घालून आले. मालकाच्या वकिलानं विचारलं, "तुम्ही पोलिसांचे नेहमीचे पंच. न बघता सह्या करता की नाही?"

मी मागच्या बाकावर होतो. मामांनी मान वळवली असती तर मी दिसलो असतो. त्यांनी वळवली नाही.

"केल्या हुत्या," ते म्हणाले. "ही बघून केली."

मालकाला शिक्षा झाली. मुलीचा बाप मामांच्या पाया पडायला वाकला तर मामांनी त्यालाच धरलं आणि "बसा, बसा" एवढंच म्हणत राहिले. त्या दिवशी ते माझ्याशी बोलले नाहीत. तसे ते कधीच त्या जुन्या गोष्टीबद्दल बोलले नाहीत, आणि मीही विषय काढला नाही.

मी निवृत्त झालो त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मामा गेले. मी खांदा दिला. तेराव्याला मामी म्हणाल्या, "जमादार, लोह्याकडं एक म्हातारी हाय. गणपती बुडाले की दुसऱ्या दिशी हे तिकडं जायचे. एक साल चुकलं न्हाई. तुमाला सांगू नका म्हणायचे. आता तिला कोण सांगणार?"

म्हणजे गाडा बंद ठेवून ते तिथे जात होते.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मी गेलो. लोह्याला उतरून पुढे जीप. म्हातारी ओट्यावर बसली होती, समोर दोन पितळी पेले मांडलेले. मी कोण ते सांगितलं. "तो कागद मी लिहिला होता, माय. मीपण बघितलं नव्हतं."

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "त्यो दर साल येऊन सांगायचा, माय, म्या बघितलं न्हाई. तुमचं तेवढं यायचं ऱ्हायलं हुतं."

मग माझ्या पाठीमागच्या वाटेकडे पाहत तिनं विचारलं, "त्यो कुठाय? मागून येऊन राहिला का?"

"मामा गेले, माय. उन्हाळ्यात."

तिनं एक पेला माझ्याकडे सरकवला.

"तुमी बघितलंव त्येला?"

"बघितलं."

"अंगावर काय हुतं?"

"पांढरा सदरा," मी म्हणालो. "इस्त्री केलेला."