धाग्याखालचे देश

आदरणीय कुसुमताई गजभिये यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त मी लिहावं, असं गौरव समितीनं सुचवलं तेव्हा मी एकच अट घातली. आमच्या वर्तुळात ताईंच्या नावावर एक चूक कित्येक वर्षं सांगितली जाते, तिच्याबद्दल मला लिहू द्यावं. गौरवग्रंथात चुका कशाला, असे आढेवेढे घेत समितीनं होकार दिला.

ताईंची नि माझी पहिली भेट नागपूर विमानतळाजवळच्या एका लहानशा कचेरीत झाली. खासगी विमानांना परदेशी जाण्यायेण्यासाठी लागणाऱ्या परवानग्या मिळवून देणं, हे तिथलं काम. मी नोकरी मागायला गेलो तेव्हा ताई स्टुलावर उभ्या राहून भिंतीवरच्या नकाशात नागपूरपासून पार पश्चिमेकडे एक पांढरा सुती धागा ताणत होत्या. त्यांचे वडील उमरेडचे विणकर, धागाही तिथलाच. मुलाखत म्हणून त्यांनी एवढंच विचारलं, की या धाग्याखाली देश किती? मी ठळक दिसणारे पाच सांगितले. एका चिंचोळ्या देशाच्या कोपऱ्याला धागा नुसता शिवून जात होता, तो सोडून दिला.

"त्याच्या आंगनातून चार पावलं जाशील, तरी त्याले इचारा लागते गा," ताई म्हणाल्या आणि मला ठेवून घेतलं. कोणत्या गुणावर, ते मला आजही कळलेलं नाही.

नागपूरवरून दिवसभर विमानं जातात. त्यातली बहुतेक इथं उतरत नाहीत. डबा खाताना ताई खिडकीतून वर बघत आणि हे कुठं निघालं असेल, आता त्याच्याखाली कोणती नदी येईल, याचा अंदाज बांधत. जेवण तसंच राहून जाई. जगभरच्या वाटा तोंडपाठ असलेल्या या बाईंनी तोवर एकदाही विमानात पाय ठेवला नव्हता. उमरेडला जायचं तर एसटी, बाकी सगळा प्रवास धाग्यावर.

पण स्वप्नाळू म्हणून त्यांना कोणी गुंडाळावं, असं नव्हतं. एकदा एका बड्या विमानमालकांनी, एका देशाचं पत्र यायचं बाकी असताना, वर कोण बघतंय, सोडा विमान, असा तगादा लावला. वरपर्यंत ओळखी असल्याचंही सुनावलं. ताईंनी त्यांना तर्रीपोहे मागवून दिले आणि पत्र येईपर्यंत समोर बसवून ठेवलं. गृहस्थ शेवटी दुसरी प्लेट मागते झाले.

आता ती चूक. उमरेडकडच्या खाणीच्या कामासाठी आलेले एक वृद्ध परदेशी अभियंते इथं गंभीर आजारी पडले. डोळे मिटायच्या आधी घर दिसावं, एवढीच त्यांची इच्छा होती. मुलगी त्यांना रुग्णवाहिका-विमानानं नेणार होती. उड्डाण मंगळवारी पहाटे पाचचं. परवानगीचे अर्ज जागतिक वेळेत भरायचे असतात आणि ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. म्हणजे आपली मंगळवारची पहाट, त्या वेळेत सोमवारी रात्रीचे साडेअकरा. अर्ज मी भरला. तास बरोबर वजा केले आणि वार मंगळवारच ठेवला. वाटेतल्या एका देशानं परवानगी दिली ती त्यामुळे बुधवार पहाटेची, आणि तिथल्या कचेरीला नेमकी सुटी, म्हणून तारीख दुरुस्त करून मिळेना. विमान पूर्ण एक दिवस नागपुरात उभं राहिलं.

ताई मला रागावल्या नाहीत. त्यांनी भिंतीवरचा नकाशा उतरवला, गुंडाळला आणि रिक्षानं इस्पितळात गेल्या. मी मागून गेलो. पलंगावरच्या चादरीवर नकाशा पसरून त्यांनी त्या गृहस्थांचं बोट धाग्यावर ठेवलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्या सांगत राहिल्या, की आता समुद्र येईल, मग वाळवंट, मग डोंगर, मग तुमचं गाव. धागा संपला की गृहस्थ बोट पुन्हा नागपूरवर आणत. असा तो दिवस गेला. बुधवारी पहाटे विमान उडालं. ते घरी पोचले आणि तिसऱ्या दिवशी वारले, असं मुलीनं पुढे पत्रानं कळवलं. एक दिवस त्यांच्या घरच्या दिवसांतून माझ्या हातून गेला, तो गेलाच.

चौकशीत ताईंनी चूक आपली म्हणून लिहून दिलं. त्यांचं म्हणणं असं, की अर्जाखाली सही त्यांची होती. कचेरीची प्रमुख म्हणून त्यांचं नाव ठरल्यात जमा होतं, ते मागे पडलं ते कायमचं. मी गप्प राहिलो. नोकरी नवी होती, घरी बहिणीचं शिक्षण होतं. कारणं काय, मागावी तितकी मिळतात.

आता ताई नागपुरातच सक्करदऱ्याला तलावाजवळ राहतात. ड्रोनवाले त्यांच्याकडे विचारायला येतात. मागच्या महिन्यात मी गेलो तेव्हा बेसाच्या एक छायाचित्रकार बाई बसल्या होत्या, त्यांना एका लग्नासाठी ड्रोन नेपाळला न्यायचं होतं. ताई त्यांना समजावत होत्या, की आधी तिकडची परवानगी घ्या, निघताना इथल्या कस्टममध्ये नोंद करा, नाहीतर परतताना तेच यंत्र परदेशी म्हणून अडकवतील.

त्या बाई गेल्यावर मी ताईंना सांगितलं, की या लेखात मी खरं लिहिणार आहे.

"इतके वर्षं हे उरावर घेऊन काहून बसला गा?" त्या म्हणाल्या. "मले त त्या बाबाचं बोट आठवते. तुही चूक नाही आठवत."

मला रडू आलं, ते लपवायचं वय आता राहिलेलं नाही.

ताईंना उदंड, निरोगी आणि निवांत वर्षं लाभोत, त्यांचे गुडघे आणि नजर शाबूत राहोत, ही मनापासून प्रार्थना. आणि वाचकहो, त्यांच्या सत्कारात कोणी ती जुनी चूक काढलीच, तर कृपा करून माझं नाव घ्यावं. मी तिथं समोरच बसलेला असेन.