अंकात आणि अक्षरात

विमलताईंना जन्मतारीख नुसती अंकात सांगून भागत नसे. "आता अक्षरात सांग," त्या म्हणायच्या, आणि समोरचा अडखळला की चष्म्यावरून बघत बसायच्या. तीस वर्षं शाळेच्या ऑफिसात त्यांनी दाखल-खारीजचं, म्हणजे पोरांची नावं घालायचं-काढायचं, रजिस्टर लिहिलं होतं. तिथे प्रत्येक पोराची तारीख दोनदा लिहितात, आधी अंकात, मग अक्षरात. निवृत्तीनंतर घरी करमेना, म्हणून पांढुर्ण्याला माझ्या दोन कम्प्युटरांच्या ऑफिसात अर्ज तपासायला येऊ लागल्या. मी वेबसाइटी बनवतो. त्यातलं त्यांना काही कळत नाही, असा माझा समज होता.

सौसरच्या एका मुलींच्या वसतिगृहाचा ऑनलाइन अर्ज मी बनवला, तेव्हा ताई अडून बसल्या. "अक्षराचा रकाना कुठं आहे?"

"ताई, कॅलेंडरवर बोट ठेवलं की तारीख येते. अक्षरात कशाला?"

"अंकात खोडाखोड सोपी असते बापा. एकाचा सात होते. अक्षराचं तसं नाही."

वाद नको म्हणून मी रकाना टाकला. तसंही ऑफिसात शेवटी त्यांचंच चालायचं. तुमचा वाढदिवस कधी, असं एकदा विचारलं तर म्हणाल्या, "माह्या तारखेच्या मागं नको लागू." मग मी लागलो नाही.

ठरावीक सालच्या एक जुलैला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलीच पात्र, असा वसतिगृहाचा नियम होता. यादी लागायच्या दिवशी दुपारी रामाकोन्याच्या पुढच्या एका खेड्यातून एक गृहस्थ दवाखान्याचा दाखला घेऊन आले. त्यांची मुलगी बरोबर त्याच एक जुलैची, आणि आमच्या वेबसाइटने तिला वय जास्त म्हणून अपात्र ठरवलं होतं.

"होस्टेल नाही भेटलं तं पोरगी घरीच बसंल साहेब," ते म्हणाले.

मी स्क्रीनवर पाहिलं. तीस जून. "तुम्हीच चुकीचं भरलं," असं सांगून मी मोकळा झालो.

"अक्षरात काय आहे?" ताईंनी जागेवरूनच विचारलं.

अक्षरात एक जुलै होतं.

मी वेबसाइटचा कोड उघडून पाहिला. अर्जात तारीख निवडली की कम्प्युटर तिला रात्री बाराची वेळ चिकटवत होता, आणि सर्व्हर ती ग्रिनिचच्या वेळेत बदलून ठेवत होता. आपल्याकडे रात्रीचे बारा वाजतात तेव्हा ग्रिनिचच्या घड्याळात आदल्या संध्याकाळचे साडेसहा असतात. पुढे वेळ गळून पडत होती आणि आदला दिवस तेवढा उरत होता. चाचणीसाठी मी खोटी नावं भरली होती, पण तारखा निरखून पाहिल्या नव्हत्या.

ताईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे सगळ्याच पोरी तुनं एकेक दिवसानं मोठ्या करून ठेवल्या," त्या म्हणाल्या. "जन्मतारखेले घड्याळ कायले लावलं?"

यादी पाचला लागणार होती. वॉर्डनबाई फोनवर म्हणाल्या, लेखी आणून द्या. ताई सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. "पहिल्या ओळीत लिही, चूक माझी आहे, मुलीच्या वडिलांची नाही." ते वाक्य मी शेवटाकडे ढकलायच्या बेतात होतो. त्या गृहस्थांना मोटरसायकलवर मागे बसवून मी साडेचारला सौसर गाठलं. मुलीचं नाव यादीत लागलं. बाकी तारखा अक्षरांवरून दुरुस्त करायला दोन दिवस गेले. ताई वाचायच्या, मी भरायचो. तेव्हापासून मी जन्मतारीख नुसती तारीख म्हणून साठवतो, तिला वेळ लावत नाही.

गेल्या हिवाळ्यात ताई गेल्या. त्यांचा मुलगा मोहगावहून श्रद्धांजलीचं कार्ड बनवून घ्यायला आला. मी सवयीने जन्मतारीख विचारली.

"कागदावर एक जुलै आहे," तो म्हणाला. "पण ते खरी नाही. शाळेत नाव घालताना मास्तरनं अंदाजानं टाकून देली. खरी तारीख आईले कधी माहीतच नव्हती."

मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं शेजारी बसलेली बाई, आणि मला हे ठाऊक नव्हतं.

कार्डावर मी एकच तारीख घातली, त्या गेल्या ती. वर अंकात, खाली अक्षरात.