बाकावरचे सावध गृहस्थ

बनशंकरीच्या बागेत रोज भेटणाऱ्या त्या गृहस्थांचं नाव मला अजून ठाऊक नाही. विचारलं तेव्हा इथल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाले, "नाव कशाला हवंय? बसा की स्वल्प." पार्सलच्या खोक्यावरचा पत्ता ते बारीक फाडत आणि निम्मे तुकडे एका डब्यात, निम्मे पलीकडच्या डब्यात टाकत. अनोळखी फोन उचलणाऱ्यांना ते मूर्ख समजत, मला धरून.

परवा मात्र त्यांचा चेहरा उतरलेला होता. हप्ते थकल्यामुळे बँक त्यांच्या घराचा लिलाव करणार होती. तो थांबवून देतो म्हणणाऱ्या एका माणसाला त्यांनी आधार, पॅन आणि कोऱ्या कागदांवर सह्या दिल्या होत्या. आता त्याचा फोन बंद होता आणि यांच्या नावावर आणखी एक कर्ज निघालं होतं.

"तुम्ही? तुम्ही कसा विश्वास ठेवलात?"

"मराठी बोलला हो. अगदी तुमच्या पुण्याकडचं, स्वच्छ. या कानडी मुलखात इतकं गोड ऐकून किती वर्षं झाली होती!"

मला भरून आलं. म्हटलं, "उठा, आत्ताच पोलिसांत जाऊ. मी येतो बरोबर."

त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि ते बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकले.

"नको. तुम्हीसुद्धा फार छान बोलता."