इंदूच्या वर्गातला थापाड्या

इंदू मला शेवटची हसतीखेळती भेटली ती म्हसाच्या जत्रेत. माझी चुलत बहीण, मुरबाडकडच्या एका शाळेत सातवीची बाई. मी तिला सांगत होतो, यंदा माझ्या बैलाची शिंगं एवढी वाढलीत की त्यांवर कावळ्यांनी घरटी बांधली. भजी खाता खाता ती म्हणाली, "दादा, घरटी तू सवता पायलीस?"

"बैल माझा हाय गो."

"बैलाचं नाय इचारत."

तिच्याइतक्या माझ्या थापा कान देऊन कोणी ऐकल्या नाहीत… 'तू स्वतः पाहिलंस?' हाच प्रश्न ती वर्गात शिकवायची. पोरांच्या घरच्यांच्या मोबाइलवर तिने वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला होता आणि पोरांना खोटी बातमी ओळखता यावी म्हणून मला त्यात घेतलं होतं. थापा मारण्यासाठी रीतसर नेमलेला माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात मी एकटाच असणार. रोज सकाळी मी एक थाप टाकायची, पोरांनी विचारून, जाऊन, बघून ती पकडायची. शहापूरचा एक डोंगर मी रातोरात आटगावला हलवला होता, तो पोरांनी दुपारच्या सुट्टीपर्यंत जागेवर आणून ठेवला.

एकदा गावाच्या ग्रुपवर आलं, शाळेच्या फाट्याची एसटी कायमची बंद. पोरांनी आधी माझ्याकडेच बोट दाखवलं. नेमका तेव्हा मी निर्दोष होतो. पण सातवीतल्या जुईचा बाप शाळेत येऊन म्हणाला, "गाडी नाय तर शाला नाय बाई. पोरगी जंगलातून चालत कशी येल?" इंदूने वाद घातला नाही. बापलेकीला घेऊन तिने मुरबाडचा स्टँड गाठला. जुईने तिथल्या साहेबांना विचारलं, त्यांच्या परवानगीने व्हिडिओ घेतला. पुलाच्या कामामुळे गाडी वळसा घालून येणार होती, फाट्यावर मात्र थांबणार होती. व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर टाकताना तिने खाली लिहिलं, 'मी स्वतः विचारलं. जुई.' बाप तिच्या खांद्यावरून वाचत होता. सोमवारी त्यानेच तिला गाडीत बसवलं.

जत्रा उठली आणि काही दिवसांत शहापूरच्या दवाखान्यात इंदूचं हृदय थांबलं. मी उशाशी होतो. बाहेर येऊन वर्गाच्या ग्रुपवर लिहिलं, 'तुमच्या बाई गेल्या. मी स्वतः पाहिलं.'

लगेच जुईचं उत्तर आलं, 'काका, आजची थाप हीच ना?'

पोरांनी थाप पकडली की खाली इंदू 'बरोबर' असं लिहायची. दवाखान्याच्या पायरीवर मी मोबाइलकडे बघत बसून राहिलो… तो शब्द येईल म्हणून.