चीज घातलेले बोंडू

धारगळ गावात सुमंगला शेट्येचं नाव निघालं की कोणीतरी हटकून म्हणतंच, "ती ना? ती न चाखता शिजवते." आणि हे खोटं नाही. साखळी गावाहून लग्न होऊन ती या घरात आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं उकळत्या आमटीचा थेंब तळहातावर घेऊन जिभेला लावला. सासू पार्वतीबाई मागेच उभ्या होत्या. "अजून देवाला नैवेद्य व्हायचा आहे. उष्टावलंस ते आता गोठ्यात नेऊन ओत," एवढंच त्या म्हणाल्या. आमटी खरंच गोठ्यात गेली आणि त्या दुपारी सगळं घर लोणच्याशी भात जेवलं. त्यानंतर सुमंगलेनं शिजताना काही म्हणून चाखलं नाही. मिठाचा अंदाज तिला रंगावरून यायचा, वासावरून यायचा. उकळीच्या आवाजावरूनही येतो असं ती सांगे, आणि ऐकणारे हसले तरी तिच्या तोंडावर हसत नसत. देवळातल्या म्हाप्रसादाच्या हंड्यात तिनं मीठ घातलं की दुसरं कोणी त्यात हात घालायला धजत नसे.

नवरा गेल्यावर हाच एक मान तिच्याजवळ राहिला होता. आणि आता मुलगा तोही काढून घ्यायला निघाला होता.

मोपाचा विमानतळ सुरू झाल्यावर सर्वेशनं नोकरी सोडली, घरामागे पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या आणि पाहुण्यांना आईच्या हातचं जेवण मिळेल असं फोनवर जाहीर करून टाकलं. पाहुणे भाज्यांचं खतखतं खात, सोलकढी दोनदोनदा मागून घेत. सगळं बरं चाललं होतं. पण या एप्रिलमध्ये त्याच्या डोक्यात नवीनच खूळ शिरलं.

"आई, जेवणाआधी पाहुण्यांना काहीतरी गरम द्यायला हवं. सोबत गप्पा मारत बसतात ते."

"मग भजी करते."

"भजी सगळेच देतात." त्यानं फोन तिच्या नाकासमोर धरला. फोटोत कसलीशी फळं भाजून ठेवली होती आणि त्यांच्यावर काहीतरी पिवळं वितळून ओघळलं होतं.

"हे कोणाच्या ताटातलं उरलेलं?" सुमंगलेनं विचारलं.

"उरलेलं नाही गो! भाजलेलं फळ आणि वर चीज. आज पुण्याच्या बायका येताहेत ना, त्यांच्या स्नेहाताई मोरजीची कासवं दाखवायला दर महिन्याला लोक घेऊन येणार आहेत. त्यांना आवडलं तर वर्षभराची चिंता मिटली."

"चांगलं पिकलेलं फळ विस्तवात घालायचं? कशासाठी? फळानं काय वाकडं केलंय?"

सर्वेशनं मोठा उसासा टाकला. "तुला जमत नसेल तर निलेशला बोलावतो. मोरजीच्या शॅकमध्ये होता, त्याला हे सगळं येतं. तसाही त्याला एक तारखेपासून ठेवायचा विचार आहेच. तू आता आराम कर."

आराम कर! गेलं वर्षभर हे दोन शब्द ऐकून सुमंगलेचं डोकं उठलं होतं. आराम म्हणजे काय, ते तिला पक्कं ठाऊक होतं. स्वयंपाकघरात परका माणूस बनियनवर उभा राहणार, तिच्या डब्यांची झाकणं बदलणार, आणि ती देवघरासमोर बसून मण्यांची माळ ओढत कुकरच्या शिट्ट्या मोजणार.

"कोण म्हणालं जमत नाही?" ती म्हणाली. "करते मी. पण एक सांग, मी केलं आणि त्या बायकांनी खाल्लं, तर तो निलेश येणार नाही."

"नाही येणार. आणि नाही खाल्लं तर?"

"खातील," सुमंगला म्हणाली.

सर्वेशनं म्हापशाहून नासपती आणले होते. ते लाकडासारखे कडक निघाले. सुमंगलेनं एक दाबून पाहिला आणि परत पिशवीत टाकला. "हे भाजायला रानातली अख्खी मोळी लागेल. घराच्या वर डोंगरावर पिकलेल्या बोंडूंचा सडा पडलाय, आणि हा म्हापशाला जाऊन लाकडं विकत आणतो!"

"खरं म्हणजे बोंडू छान लागतील," सून गौरवी म्हणाली. काजूच्या फळाची कल्पना तिला पटली होती, आणि सासूचं काही पटणं हा त्या घरात रोजचा प्रकार नव्हता. गौरवी पणजी शहरातली. सासूचं जेवण तिला पहिल्या दिवसापासून खारट लागत आलं होतं आणि ते तिनं दोनतीनदा बोलूनही दाखवलं होतं. सुमंगलेनं त्यावर ठरवून टाकलं होतं की पणजीच्या लोकांना जीभच नसते.

गौरवी टोपलीभर बोंडू घेऊन आली, लाल आणि पिवळे, रसानं तटतटलेले. सुमंगला आदोळीवर, म्हणजे विळीवर बसली. बिया पिळून काढल्या, बोंडूंच्या जाड चकत्या केल्या. रसाचा एक थेंब पातळावर उडाला. तो डाग आता जन्मात जाणार नव्हता, आणि त्याचंही खापर तिनं मनातल्या मनात सर्वेशच्या माथ्यावर फोडलं. मग परातीत चकत्या पसरून तिनं मूठ भरून मीठ घेतलं आणि सारखं भुरभुरलं. बोंडूला मीठ लावून ठेवलं नाही तर घशाला खवखव सुटते, हे तिथल्या शाळकरी पोरांनाही कळतं. किती मीठ, ते विचारायची तिला कधी गरज पडली नव्हती.

"आई, चीज खारट असतं हं," गौरवी म्हणाली.

"तुला दूधसुद्धा खारट लागेल."

चीज म्हणजे तिच्या लेखी घट्ट झालेलं पनीर. शेजारच्या ख्रिस्ती घरांत नाताळाला 'केज' म्हणून चीजचा डबा फुटायचा, तो तिनं लांबून पाहिला होता. दुधाचा पदार्थ, म्हणजे गोड नाही तर अळणी. त्यात मीठ कोण घालेल?

पोदेराकडच्या उंड्यांचे, म्हणजे गोल पावांचे तुकडे खाली, त्यांच्यावर बोंडूची चकती, वर किसलेलं चीज. ओव्हनचा ट्रे आत सरकवताना तिची बोटं पोळली. ओव्हन गुरगुरत राहिला. चुलीवर काय चाललंय ते दिसतं, ऐकू येतं. इथं काचेतून पिवळा उजेड दिसत होता आणि बाकी सगळा अंधार. ती मधूनमधून वाकून बघायची आणि गौरवी म्हणायची, "आई, दार उघडू नका." शेवटी ओव्हननं टिंग केलं तेव्हा सुमंगला दचकली आणि म्हणाली, "ओरडतो कशाला? मी इथंच आहे मरे."

दिसायला मात्र सुरेख झालं होतं. चीजला सोनेरी डाग पडले होते आणि कडांवर बोंडूचा रस पाकासारखा घट्ट झाला होता. वास असा सुटला की गौरवीनं एक तुकडा उचलायला हात पुढे केला.

"पाहुण्यांच्या आधी?" सुमंगलेनं नुसतं विचारलं. हात मागे गेला.

अंगणात पुण्याच्या बायका गोल करून बसल्या होत्या. सर्वेशनं ट्रे नेला. सुमंगला खिडकीच्या गजांआड उभी राहिली. स्नेहाताईंनी पहिला घास घेतला, चावला, आणि क्षणभर थांबल्या.

"वेगळं आहे," त्या म्हणाल्या.

"हो ना, अगदी वेगळंच," दुसरी म्हणाली आणि पाण्याचा ग्लास उचलला. मग तिसरीनं उचलला. मग तांब्या फिरू लागला. अर्धे खाल्लेले तुकडे हळूच बश्यांच्या कडेला जाऊन बसले आणि एकीनं वर कागदी रुमाल झाकला.

सर्वेश आत आला तो फोन हातात घेऊनच.

"काय झालं?" सुमंगलेनं विचारलं.

"काही नाही. ठीक आहे."

"ठीक आहे तर त्या पाणी का पिताहेत?"

"उकाडा आहे ना."

"सर्वेश, खरं सांग. कसं झालंय?"

"चांगलं झालंय गो," तो म्हणाला आणि फोनवर नंबर शोधू लागला. आयुष्यभर यानं तिच्या प्रत्येक पदार्थाला चांगलं म्हटलं होतं. करपलेल्या दुधालासुद्धा. त्याच्या शब्दाचा आता काही उपयोग नव्हता.

"गौरवी, तू सांग."

गौरवीनं ट्रेमध्ये उरलेल्यातला एक तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. "खारट आहे, आई. खूप."

"ते तू रोजच म्हणतेस."

"आज रोजच्यासारखं नाहीये."

"तुझी जीभ..."

"माझ्या जिभेचं सोडा! एकदा तुम्ही स्वतः खाऊन बघा ना!" गौरवीचा आवाज चढला. "एक चांगलं म्हणतो, एक खारट म्हणते, तुम्ही दोघांचंही ऐकत नाही. मग कोणाचं ऐकणार? ओव्हनचं?"

सुमंगलेनं ट्रेकडे पाहिलं. बाहेर सर्वेश दारात उभा राहून कानाला फोन लावत होता. चाखायचं? पाहुणे अजून बाहेर बसलेत, त्यांचं खाणं झालेलं नाही, आणि आपण उभ्या उभ्या तोंड लावायचं? तिच्या डोळ्यांसमोर गोठ्याकडे जाणारी ती आमटी आली. आणि मग तिच्या लक्षात आलं की आज नैवेद्यच झालेला नाही. हे असलं चीजबीज म्हणजे काही जेवण नव्हे, भातुकलीच ही, म्हणून देवापुढे ठेवायचं तिला सुचलंच नव्हतं.

"गो, हे चीज दुधाचंच ना? नक्की?"

"दुधाचंच. पाकिटावर हिरवा ठिपका आहे."

सुमंगलेनं चष्मा लावून पाकीट स्वतः वाचलं, हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मग ट्रेमधला हात न लागलेला एक तुकडा केळीच्या पानावर घेतला, वर तुळशीचं पान ठेवलं आणि देवघरात गेली. गौरवी तोंडाला पदर लावून दारात उभी राहिली. ती हसत होती की काय, ते विचारायला सुमंगलेला वेळ नव्हता. तिनं पानाभोवती पाणी फिरवलं, हात जोडले, थोडा वेळ थांबली. आता तो तुकडा उष्टा होणार नव्हता. तो प्रसाद होता. तिनं तो तोंडात घातला.

घातला आणि तिथंच बसून राहिली.

प्रसाद थुंकता येत नाही. तिचे डोळे पाण्यानं भरले, नाक लाल झालं, जबडा थांबला, पुन्हा हलला. तिनं मोठ्या कष्टानं घास गिळला. गौरवीनं पाण्याचं भांडं पुढे केलं. ते संपल्यावर दुसरं.

"देवानं बिचाऱ्यानं कसं खाल्लं असेल," सुमंगला घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"सांगत होते मी..."

"हो गो बाय, सांगत होतीस! आता ते पुरे झालं. टोपलीत बोंडू उरलेत का?"

बोंडू उरले होते. यावेळी तिनं चकत्यांना मीठ लावलंच नाही. खवखव मोडायला मीठच हवं होतं ना, मग ते चीजमध्ये ढीगभर होतं. बोंडूवर काळा गूळ किसून घातला, थोडी मिरी कुटून. सर्वेश अजून दारात बोलत होता. "हो, एक तारखेपासून. हो, खोली आहे राहायला." हे कानावर पडत असताना तिचे हात कधी नव्हे इतके भराभर चालत होते आणि ओव्हनच्या गुरगुरीला ती "आटप रे, आटप" म्हणत होती.

ट्रे बाहेर आला तशी ती पुन्हा केळीचं पान घेऊन देवघराकडे निघाली.

"आई, एका संध्याकाळी किती वेळा उठवणार त्याला?" गौरवीनं विचारलं.

"मघाशी जे खाऊ घातलं, त्यानंतर तो झोपला असेल असं वाटतं तुला?"

या खेपेला ती देवघरातून बाहेर आली ती चावत चावतच. थांबली. आणखी अर्धी चिमूट मिरी भुरभुरली. "ने," ती गौरवीला म्हणाली. "तू ने. सर्वेश नको. तो ठेवून पळून येतो."

खिडकीच्या गजांना धरून तिनं पाहिलं. स्नेहाताईंनी आधी पाण्याचा ग्लास जवळ ओढून घेतला, मग बेतानं छोटा घास घेतला. ग्लास तसाच राहिला. त्यांनी तुकडा संपवला, दुसरा उचलला आणि शेजारणीला कोपरानं डिवचलं. 'वेगळं' हा शब्द कोणाच्याच तोंडून आला नाही. ट्रे रिकामा झाल्यावर एकजण बोटानं कडेला चिकटलेलं चीज खरवडत होती.

मग स्नेहाताई स्वतःच स्वयंपाकघराच्या दारात आल्या. "काकू, हे फार सुंदर झालंय. पण मघाचं आणि आताचं एकाच हाताचं वाटत नाही हो. काय केलंत?"

गौरवीनं सासूकडे पाहिलं. सर्वेशही फोन खाली करून पाहू लागला. धारगळभर पसरलेला तो मान त्या क्षणी सुमंगलेच्या ओठांवर अडकला होता. एखादी थाप मारणं सोपं होतं. बोंडू वेगळ्या झाडाचे होते, असं म्हणता आलं असतं.

"चाखलं," ती रागानंच म्हणाली. "चाखून बघितलं आणि दुरुस्त केलं. त्यात विचारण्यासारखं काय आहे?"

"पुढच्या महिन्यात येऊ तेव्हाही हेच कराल ना?" स्नेहाताईंनी विचारलं.

"तोवर बोंडू संपत आलेले असतील. दुसरं काहीतरी भाजीन. आता जेवायला बसा, भात गार होतोय."

त्या गेल्यावर सर्वेश घसा खाकरत पुढे आला. "आई, निलेशला मी आत्ताच हो म्हणून बसलोय. आता एकदम नको कसं सांगू?"

"तोंडानं सांग. हो म्हणताना जे वापरलंस त्यानंच."

तो डोकं खाजवत अंगणात गेला. तिथून त्याचा आवाज आला, "नाही रे निलेश, घोटाळा झाला थोडा. नको. आईच करते सगळं."

"आणि हळू बोल!" सुमंगला आतून ओरडली. "पाहुणे जेवताहेत!"

मग तिनं भाताच्या टोपावरचं झाकण उचललं, गौरवीकडे पाठ केली आणि ताटं वाढायला घेतली.